जोडीतली सरूबाई

सरूबाईची आणि माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. शेंद्र्याजवळच्या आमच्या वस्तीत अंगणवाडीच्या खोलीत हा वर्ग संध्याकाळी भरत असे. मी सगीरा, वर्गातील सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी. ती माझ्या शेजारी बसे आणि मला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. दिवसा आमची भेट बांधकामाच्या फाटकाशी होई, कारण फाटकाबाहेर माझी चहाची टपरी होती आणि आत ती कामाला होती. त्यामुळे पुढील हकीकत काही मी डोळ्यांनी पाहिलेली आहे व उरलेली तिच्या तोंडून ऐकलेली आहे.

ते बांधकाम डेटा सेंटरचे होते. जगभरच्या लोकांचे फोटो आणि निरोप तेथे साठवले जाणार, आणि तेथील यंत्रांना उष्णता अजिबात सोसत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. माणसांना ती सोसते, हे कोणीही न विचारता ठरले होते. वस्तीतील नळ कोरडे होते, आणि त्याच रस्त्याने स्लॅबवर मारण्याच्या पाण्याचे टँकर आत जात होते. ते पाणी मारण्याचे काम सरूबाईकडे होते. काम संपल्यावर ती रिकामा हंडा घेऊन आमच्याबरोबर रांगेत उभी राही.

तिचे घराणे सिल्लोडकडील मेंढपाळांचे. दुष्काळात चारा संपला, मेंढ्या विकल्या गेल्या, आणि ती नवरा मोतीराम याच्यासह बद्रीनाथ मुकादमाच्या टोळीतून ऊसतोडीला गेली. पुढच्या वर्षी ऊसही वाळला. तेव्हा बद्रीनाथाने सगळी टोळी उचलून या बांधकामावर आणली, आणि टोळीबरोबर आपली रीतही आणली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. येथे ऊस नव्हता, कोयता नव्हता, मजुरी मात्र कोयत्याचीच राहिली. फाटकावर दाखवण्याचे कार्ड मोतीरामाचे, त्यावर फोटो मोतीरामाचा, आणि जोडीचा जो एक रोज ठरला तो जमा होई मोतीरामाच्याच खात्यात. सरूबाई त्याच्या पाठोपाठ आत जाई. तिला कोणी अडवत नसे, आणि ती आत आहे याची नोंदही कोणी करत नसे.

एके दिवशी मुंबईहून कंपनीच्या तपासणीच्या मॅडम येणार अशी बातमी आली. लगेच बद्रीनाथाला मजुरांची दया आली. हिरव्या जाळीची सावली झाली, गार पाण्याचे जार आले, आणि पाळणा टांगून पाळणाघर उभारण्यात आले. कामावर लेकरे आणण्यास सक्त मनाई होती, म्हणून पाळणा दिवसभर स्वच्छ राहिला. सरूबाईला नवे हेल्मेट घालून पुढे उभे करण्यात आले.

मॅडमनी तिला तिचे कार्ड मागितले. तिने शेजारी उभ्या असलेल्या मोतीरामाकडे बोट केले.

“ह्येच माझं कार्ड. ह्ये घरी ऱ्हायले की म्याबी घरी.”

बायका पदराआड हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. प्रत्येक स्त्री कामगाराचे कार्ड वेगळे, खाते वेगळे आणि मजुरी पुरुषाइतकीच असली पाहिजे, असे त्यांनी बद्रीनाथाला बजावले.

बद्रीनाथाने आज्ञा तंतोतंत पाळली. सर्व बायकांना कार्डे मिळाली, खाती उघडली गेली. मग त्याने जोडीचा तो एक रोज मधोमध कापला. अर्धा नवऱ्याच्या खात्यात, अर्धा बायकोच्या. फाटकावर फलक लागला की येथे स्त्री-पुरुषांना समान वेतन दिले जाते. त्या दिवशी बद्रीनाथ माझ्या टपरीवर आला आणि बशीत चहा ओतत मला म्हणाला, “बघा खाला, दोघांला सारखंच केलं. कुनाला कमी नाय, कुनाला जास्त नाय.”

इतका निर्लज्ज न्याय मी माझ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मी त्याच्याकडून चहाचे पैसे रोखीने घेतले आणि त्याची उधारी त्या दिवसापासून बंद केली.

घरात येणारा पैसा पूर्वीइतकाच होता. परंतु पुरुषांना आपल्या खात्यातील आकडा घटलेला दिसला, आणि त्यांनी राग मुकादमावर न काढता सरूबाईवर काढला. त्यांचे शौर्य घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोहोचत असे. मोतीराम तिला सर्वांदेखत म्हणाला, “आता त्ये कार्ड कालवनात टाक अन् खा.” त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणे टाकले. शेजारणींनीही तिला गप्प राहण्याचा सल्ला दिला. सरकारने ठरवलेला किमान रोज माणसामागे असतो, जोडीमागे नसतो, असे आमच्या वर्गाच्या शिक्षिका सुकेशनीताई यांनी आम्हाला समजावले होते. ते सर्वांनी ऐकले होते. बोलण्याची तयारी मात्र एकट्या सरूबाईचीच होती, आणि बोलल्यास काम जाईल हे तिला पक्के ठाऊक होते.

ती बोलली, आणि काम गेलेच. आठवड्याच्या आत बद्रीनाथाने ती जोडी टोळीतून काढली. आता ते दोघे चितेगावला एका कारखान्यात जातात आणि मोतीराम तिच्याशी बोलू लागला आहे. इकडे पुढच्या महिन्यापासून टोळीतील प्रत्येकाला पूर्ण रोज मिळू लागला. बद्रीनाथाने त्याबद्दल स्वतःचा सत्कार करवून घेतला; हार त्यानेच आणला होता, आणि तो घालण्यास ज्या बायकांना पुढे बोलावले त्यांत सरूबाई नव्हती.

त्या बायकांना तो रोज कोणामुळे मिळाला हे कोठेतरी लिहिलेले असावे, एवढ्यासाठी मी हे लिहिले आहे. तिचे काम जाण्यापूर्वी मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा कागद पाहून त्यांचे समाधान झाले होते आणि त्या गाडीकडे निघाल्या होत्या. मी टपरीतच होते. सरूबाई फाटकातून बाहेर आली, गाडीच्या दारापाशी उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली,

“मॅडम, आमी दोघं येतो, दोघं राबतो. ह्यांचा पुरा रोज ह्यांना द्या, अन् माझा पुरा रोज मला द्या.”