मानाची परीक्षा

मंगळवार होता. वर्गात आम्ही नऊ विद्यार्थी आणि गोरे प्रोफेसरसाहेब. माझी सहामाही फी, पस्तीस रुपये, ठाण्याच्या एका वकिलांनी आदल्याच दिवशी भरली होती.

मी मुंबईच्या कॉलेजात बी.ए.ला होतो. इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन ऑनर्स करत होतो. वकील त्याला 'मानाची परीक्षा' म्हणत. आमच्या खाडीकाठच्या आगऱ्यांतून तिथवर गेलेला मी एकटाच.

त्या दिवशी विषय होता मजूरवर्ग. शिकवता शिकवता साहेब थांबले. मला पुढे बोलावलं. चौथऱ्यावर उभं केलं. माझे हात उलटे करून वर्गाला दाखवले. तळव्यांना मिठाच्या भेगा होत्या. सुट्टीत मी बापाबरोबर मिठागरात उतरत असे. साहेबांनी छडीच्या टोकाने एकेक भेग दाखवली. मग वहाणा काढायला सांगितलं. काढल्या. इंग्रजीत म्हणाले, हा या जातीचा उत्तम नमुना आहे.

मागच्या बाकावर कल्याणच्या एका इनामदाराचा मुलगा होता. तो मराठीत म्हणाला, "नमुनाच आहे हो!" वर्ग हसला. साहेबांना काय कळलं कोण जाणे, तेही हसले. त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "ए नमुन्या, सरक." "नमुन्या, दौत दे."

शनिवारी ठाण्याला वकिलांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते पान लावत होते.

"अरे, साहेब खूश आहे तुझ्यावर. मला पत्र आलंय त्याचं. पुढच्या आठवड्यात विलायतेचे पाहुणे येताहेत. तुझ्या आईला घेऊन जा. लुगडं तुमच्या पद्धतीचं हवं, गुडघ्यापर्यंतचं. डोक्यावर मिठाची पाटी. घटकाभर उभं राहायचं, एवढंच. ऑनर्सला नाव साहेबच धाडणार ना?"

मी नमस्कार करून उठलो. वकिलांनी ते होय धरलं.

घरी आईला एवढंच म्हणालो, साहेबाने तुला बघायला बोलावलंय. आमच्याकडे साहेब म्हणजे मीठखात्याचा, आणि त्याच्या बोलावण्याचा एकच अर्थ: झडती. मीठखात्याचे शिपाई नाक्यावर बाया अडवत, मीठ चोरलं म्हणून झडती घेत.

आई चुलीपुढून उठली. पदर झाडला. कनवटीची गाठ सोडून झाडली.

"बग रं, काय नाय," ती म्हणाली. "मना कशाला नेतोस? मी कंदी खडा तरी उचललाय का?"

पोटच्या पोरापुढे झडती देत होती. मीच नाक्यावरचा शिपाई झालो होतो.

मी बाहेर गेलो आणि बांधावर ओकलो. खरंच ओकलो. ती छडी, ते हसू, वकिलांचं ते तांबडं तोंड, सगळ्यांची किळस आली. मान म्हणतात तो हाच असेल, तर तो नासलेला होता. आत येऊन म्हणालो, "आये, कुठं जायाचं नाय."

सकाळी वकिलांच्या ओटीवर उभा राहिलो. "आई येणार नाही. मीही पुन्हा चौथऱ्यावर चढणार नाही."

"मग मान विसर," ते म्हणाले. "आगऱ्याच्या पोराला पस्तीस रुपये कोण देतं रे?"

"कोणी देत नाही. म्हणून परत करीन."

साहेबांनी ऑनर्सला माझं नाव धाडलं नाही. मी साधी बी.ए. दिली, पास झालो, शाळेत मास्तर झालो. आज माझ्या घरात तीन पोरं शिकतात, थोरली मुलगी धरून. त्यांना बजावून ठेवलंय: उत्तर द्यायला उभं राहा. दाखवायला म्हणून कोणी उभं केलं, तर खाली बसा. हात धरला, तर हिसडून घ्या. शाळेतून काढलं, तर मी घरी शिकवीन.

वकिलांचे पैसे पहिल्या वर्षाच्या पगारातून फेडले. व्याज नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. मुद्दल पस्तीस, व्याज चार, सगळे त्यांच्याच हातात मोजून दिले. उपकाराची पैही बाकी ठेवली नाही.