सिम्युलेटरची आयुधपूजा

आधी कबूल करा, हसणार नाही. छे, तुम्ही हसणारच! सुजाता पुण्यात बसून अजून हसते.

सुजाता म्हणजे माझी बायको. घरातली गाडी तीच चालवते. मी सेहेचाळीस वर्षांचा घोडा, सॉफ्टवेअर टेस्टर, आणि गाडीत कायम डाव्या बाजूला. तिची सहा महिन्यांसाठी पुण्याला बदली झाली आणि माझी पंचाईतच झाली. आम्ही राहतो बंगळुरूत. आईच्या गुडघ्यांचे डॉक्टर मल्लेश्वरमला, आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला. मल्लेश्वरम म्हटलं की कॅबवाले राइड कॅन्सल करतात. आठवड्यातून तीनदा आईला नेणार कोण?

म्हणून ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. तिथे आधी सिम्युलेटर. सीट, स्टिअरिंग, पेडल सगळं खरं, फक्त रस्ता पडद्यावरचा. आपटलात तरी पडद्यावरच आपटता! त्यात पास झाल्याशिवाय खऱ्या गाडीला हात लावू देत नाहीत. शिकवायला गिरिजाक्का. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूतलं, बोलणं मराठी, पण अधूनमधून कानडी.

माझी परीक्षा नेमकी आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला. शाळेच्या गाड्यांना झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. पूजा बघायला आईही आली होती.

"बाप्पा! या मशीनले कोणीच निंबू नाही ठेवलं?"

"आई, याला चाकंच नाहीत."

"मग पायाशी ठेव. देवाले समजते."

ठेवलं. पेडलच्या बाजूला, एक टणक, हिरवंगार लिंबू. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

परीक्षा सुरू झाली. पहिलाच सिग्नल लाल. ब्रेक दाबला, तर दबेचना! सिग्नल गेला. भाजीची गाडी गेली. ऑटो गेली, बसस्टॉप गेला, आणि शेवटी मी एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात शिरलो, थेट इडली खाणाऱ्या गिऱ्हाइकांवर. मागे अख्खी शाळा प्रसादाचे चुरमुरे खात बघतेय!

"अय्यो, ब्रेक मारा हो!" गिरिजाक्का ओरडल्या.

"मारतोय! हा बग आहे!"

आणि इथे माझ्यातला टेस्टर जागा झाला. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंय मी. सोडतो का?

"स्वल्प थांबा, खाली वाकून बघते," गिरिजाक्का म्हणाल्या.

"अजिबात हात लावायचा नाही! पुरावा बिघडेल. कंपनीचा इंजिनिअर बोलवा."

"बाळ्या," आई खुर्चीतून म्हणाली, "ते निंबू..."

"आई, हे टेक्निकल आहे!"

तिथेच बसून मी कंपनीला मेल लिहिला. चांगला दोन पानी. 'अशा मशीनवर शिकलेला माणूस उद्या रस्त्यावर कुणाचा तरी जीव घेईल,' असंही ठणकावलं. इंजिनिअर बिचारा घरची पूजा टाकून निघाला, मारतहळ्ळीहून सणाच्या ट्रॅफिकमधून अडीच तासांनी पोचला. तोवर आई चार वेळा 'निंबू' म्हणाली, आणि चारही वेळा मी तिला गप्प केलं.

इंजिनिअर वाकला. ब्रेकखाली हात घातला आणि दोन बोटांत धरून ते लिंबू बाहेर काढलं.

"सर," त्याने अगदी अदबीने विचारलं, "ये भी सॉफ्टवेअर में आता है?"

"मी तेच तं सांगून राहिली होती," आई म्हणाली.

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला. परीक्षेची वेळ तर कधीच टळली होती. पुढे दसऱ्याची सुट्टी, आणि नंतरची तारीख दीड महिन्यांनी. सुजाता ठरल्या दिवशी गेली. आता एक दिवसाआड आई आणि मी रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ऑटोला हात करतो. तिचे गुडघे ठणकतात, तरी ऑटो दिसली की माझ्याआधी तीच हात वर करते. तेव्हा खरंच रडू येतं हो.

परवा तारखेची चौकशी करायला शाळेत गेलो. गिरिजाक्कांनी एक कोरा पुठ्ठा आणि मार्कर माझ्यापुढे सरकवला.

"एक पाटी लिवून द्या. मी मराठी बोलते, पण लिवायला येत नाही."

"काय लिहू?"

"मशीनच्या पायात लिंबू ठेवू नये."

"अहो, मग कानडीत लिहा ना! इथे मराठी वाचणारं आहे कोण?"

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, "आणि लिंबू ठेवणारं?"

लिहिली. मराठीतच, मोठ्या अक्षरात.