डाव्या फळीची दोन बोटं

“आधी हवेत, भाऊ.”

एवढं बोलून मिस्त्री माझा हात बाजूला सारायचे आणि कटर लाकडापासून टीचभर वर उचलून मशीन सुरू करायचे. फर्म्याच्या कडेनं सुई फिरायची, तिच्या जोडीनं लाकडावरच्या रिकाम्या हवेत कटर घरघरत फिरायचा, आणि मिस्त्री मान तिरपी करून ती न उमटलेली नक्षी बघत उभे राहायचे. एक फेरा पुरा झाला की मगच कटर लाकडात. परभणीत वीज कधी जाईल याचा नेम नसताना हा माणूस ती हवा कापण्यात घालवतो, म्हणून माझं पित्त खवळायचं.

ते मशीन मी मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणलं होतं. प्लायवूडचा फर्मा एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला. सुई फर्म्यावर फिरवली की कटर तीच नक्षी लाकडात कोरतो. हौसेनं आणलं खरं, पण चालवायचं कसं हे माझ्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी ते तीन आठवडे नुसतं पुसलं, उलगडलं, परत जोडलं. टेबल सपाट आहे का हे बघायला ते काचेची एक गोटी टेबलावर ठेवायचे. गोटी गडगडली की पायाखाली पाचर. माझा चहाचा कपही त्यांनी त्या टेबलावर कधी ठेवू दिला नाही.

एकदा ते जेवायला गेलेले असताना मी स्वतःच मशीन चालवलं. शाळेच्या स्टुलांचे पाय होते, त्यात काय एवढं! हवेतला फेरा अर्थातच केला नाही. कटर थेट लाकूड घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर आदळला, मोडला आणि तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला. मिस्त्री आले. माझा पांढरा पडलेला चेहरा बघितला, कॅलेंडर बघितलं, आणि म्हणाले, “एकादशीला लागलाय, भाऊ. उपास घडला.” आणि नवा कटर बसवायला घेतला. असा माणूस रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. रोज सोबत असतं, आणि त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. मिस्त्री बौद्ध होते हे मला माहीत होतं. स्टेशनापलीकडं भाड्यानं राहतात, हेही. त्यांचं मूळ गाव कोणतं, हे मी चार वर्षांत विचारलं नव्हतं.

मग जिंतूरकडच्या एका गावातून देवळाच्या दाराचं काम आलं. गावाचं नाव सांगत नाही. दोन फळ्यांचं सागवानी दार, वर वेलबुट्टी. मी स्वतः जाऊन फीत लावून माप आणलं आणि ऐटीत मिस्त्रींच्या पुढं ठेवलं.

गावाचं नाव वाचून त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. “माप चुकलंय, भाऊ.”

“चुकेल कसं? मी स्वतः घेतलंय.”

“तुमी वर घेतलं असंल. खाली घ्या. डाव्या अंगाला दोन बोटं जास्त भरंल. भिंत दबलीय तिकडं.”

मी चरफडत परत गेलो. उंबऱ्याजवळ फीत लावली. डावीकडं दोन बोटं जास्त.

“तुम्ही त्या देवळात गेलाय?” परत आल्यावर मी विचारलं.

“आत कोन येऊ देतंय? समोरच्या लिंबाखाली उभं राहून बगायचो. बारकं असताना रोज.” मग फर्म्याची कड घासता घासताच म्हणाले, “गाव हाय ना माझं. अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या टायमाला, आमचं घर जाळलं. तवापसून गेलो न्हाई.”

हे बोलताना त्यांचा घासणारा हात थांबलासुद्धा नव्हता. ही ऑर्डर परत करतो, असं मी म्हणालो.

“कायला? दार करतो की. एकच अट हाय. बसवायला मी येणार. टांगल्याबिगर दार पुरं हुत न्हाई.”

“तुम्हीच बसवणार,” मी म्हणालो. शब्द दिला.

त्या दारावर त्यांनी तीन-तीन फेरे हवेत मारले. मी एकदाही विजेचं नाव काढलं नाही. डावी फळी खाली दोन बोटं रुंद. जमिनीवर आडवी ठेवली की वाकडी दिसायची. असं दार त्यानंतर माझ्या कारखान्यात झालं नाही.

टेम्पोतून दार घेऊन आम्ही गेलो. देवळापुढं माणसं जमली होती. दार बसवणाऱ्याचा मान म्हणून ताटात नारळ, टॉवेल, टोपी. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता. ते बिजागऱ्या घेऊन खाली उतरले, आणि गावातल्या एका म्हाताऱ्या मालदार माणसानं त्यांना ओळखलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडलो असतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, “दार लय झ्याक झालंय. बसवायला आमचा सुतार हाय. उगं गावात बोलनं नगं. काय म्हनताव?”

माझी मान हलली. होकारार्थी. मी ती हलवली असं मला आठवत नाही, पण हलली. टॉवेल माझ्या खांद्यावर पडला, टोपी माझ्या डोक्यावर आली. मिस्त्री चार हात लांब उभे राहून बघत होते. ती टोपी मी काढली नाही.

मिस्त्रींनी बिजागऱ्या एकेक करून दारावर ठेवल्या. त्या सुताराला म्हणाले, “डावी फळी वाकडी दिसंल. तासू नका. तशीच बसती.” मग माझ्याकडं वळले.

“बरं मालक.”

चार वर्षं मी त्यांचा भाऊ होतो.

टेम्पोत बसा म्हटलं, तर “तुमी व्हा म्होरं,” म्हणून ते पायीच गावाबाहेरच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. स्टेशनापलीकडं खोलीवर गेलो तर कुलूप. आठवड्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड होतं. त्यांचे फर्मे अजून भिंतीला आहेत, मशीन मात्र मी विकून टाकलं.

पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते त्या दिवशीचं. थोड्या वेळानं टेम्पो गावाबाहेर वळला तेव्हा बाभळी माजलेली एक मोकळी जागा लागली. मिस्त्री तिथं उभे होते. जमिनीकडं बघत ते पावलं मोजून चालले, एका ठिकाणी काटकोनात वळले, परत चालले, आणि थांबले. समोर भिंत नव्हती, चौकट नव्हती, काहीच नव्हतं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, ठेंगण्या दाराला कपाळ लागू नये म्हणून वाकतात तसे वाकले, आणि आत गेले.