दगडी आईची ओटी

नोकरी जाऊन त्रेपन्न दिवस झाले होते. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. पुण्याहून आलेल्या आईला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे आणि वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत अर्ज भरत बसायचे.

त्या शनिवारी तिला न्यूयॉर्कचं एक म्युझियम दाखवायला नेलं. युरोपातल्या कुठल्याशा मठाचं जुनं चर्च. दगडांवर आकडे घालून जहाजाने आणलेलं, इथे पुन्हा रचलेलं. उंच टोकदार कमानी, रंगीत काचा. मला नुसता संताप येत होता. हे दगड आले ते कायमचे राहिले, त्यांना कुणी कागद विचारले नाहीत.

आईने दारातच चपला काढल्या.

"आई, घाल त्या. म्युझियम आहे हे, इथे पूजाबिजा होत नाही."

"मूर्ती आहेत ना आत? मग झालं तर."

आत मी फोनवर ईमेल बघत मागे रेंगाळले. आणखी एक नकार आला होता. मान वर केली तर आई, बाळ कडेवर घेतलेल्या मेरीच्या दगडी मूर्तीसमोर उभी. खण, तांदूळ, सुपारी. ओटीचं सामान तिने घरूनच आणलं होतं. ते मूर्तीच्या पायाशी ठेवत ती म्हणाली, "बाई, लेकीची नोकरी गेलीय. मला सांगत नाही. रोज भरला डबा परत आणते. तिला इथनं उठवू नकोस."

मी फोन खिशात टाकला. तेवढ्यात गार्ड धावत आला. "मॅम, प्लीज, इथे काही ठेवता येत नाही. हे आता चर्च नाही."

"काय म्हणतोय?"

"उचला म्हणतोय."

"भरलेली ओटी परत कशी घ्यायची गं?"

मी गुडघ्यांवर बसून तांदूळ वेचायला लागले. फटीतले दाणे नखाने काढता काढता रडू फुटलं, हमसून हमसून, सगळ्यांदेखत. मला कुणाचीही लाज वाटली नाही. आई शेजारी बसली आणि माझ्या हातातले दाणे तिने आपल्या ओंजळीत घेतले.

"पदर नाही तुला. कोट धर पुढे."

माहेरून मी निघते तेव्हा ती अशीच ओटी भरते. ओंजळ तशीच धरून तिने विचारलं, "किती दिवस राहिले?"

"सात," मी म्हटलं आणि कोट पुढे धरला.