चातुर्मासातली कादंबरी

पुस्तक घरी जाऊन परत आलं की रिकामं येत नाही. आमच्या वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांमधून आजवर राखी निघाली आहे, पापडाचा तुकडा निघाला आहे, सदर बाजारातल्या सोनाराचं कार्ड निघालं आहे. एकदा तर लग्नाच्या मुलीचा फोटो निघाला. तो ज्यांच्या हाती लागला, त्यांच्याच घरी ती मुलगी पुढे सून म्हणून गेली. किश्श्यांचंही तसंच. कोणी पुस्तक परत करायला येतं, पंख्याखाली दोन मिनिटं बसतं आणि एक किस्सा ठेवून जातं. पुस्तकं मांडायला कपाटं तरी आहेत. किस्से कुठे मांडणार? म्हणून इथे मांडते.

वाचनालय म्हणजे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमागच्या दोन खोल्या. ते चालवतात लताताई. रेल्वेच्या शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. मी संध्याकाळी त्यांच्या मदतीला बसते. माझे उपवास फार, त्यामुळे घरी स्वयंपाक कमी आणि वेळ बराच. देवानं उपवास दिले, लताताईंनी वाचायला दिलं, असं माझं छान चाललं आहे.

*

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा गावात साहेब लोक आले. प्रत्येक मंडळाला एक तरी साहेब हवा होता. आम्हाला वानखेडे साहेब मिळाले. सचिवालयात होते, मूळचे अमरावतीकडचे, माळकरी, माणूस सज्जन. आल्या आल्या अध्यक्ष झाले. पहिल्याच आठवड्यात वाचनालय बघायला आले आणि हात मागे बांधून कपाटांपुढून फिरले.

"काही पुस्तकं फॅमिलीसाठी योग्य वाटत नाहीत," ते म्हणाले. "ती वेगळी काढून कुलपात ठेवा."

"कोणती?" लताताईंनी विचारलं.

"ते बघूनच कळते."

मग साहेबांनीच बघून काढली. बाळंतपणानंतर घ्यायच्या काळजीचं पुस्तक गेलं. मांसाहारी पदार्थांचं गेलं. काही कादंबऱ्या नावावरून गेल्या. एका सत्पुरुषाचं चरित्रही बाहेर निघालं, कारण मुखपृष्ठावर महाराज लंगोटीवर बसले होते.

"साहेब, त्यांचे नेहमीचेच कपडे आहेत हे," लताताई म्हणाल्या.

साहेबांनी विचार केला. "बरं, आतली पानं चालतील. वरून ब्राऊन पेपर लावून घ्या."

ब्राऊन पेपर लावल्यापासून त्या चरित्राला मागणी फार. एका गृहस्थांनी पिशवीत तळाशी घालून नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "यात तर नुसतं भजन आहे."

*

कुलपात ठेवा म्हटलं खरं, पण कुलूप लागेल असं कपाट मंडळात एकच होतं. हॉलच्या दारासमोरचं, ढाली आणि कप ठेवायचं. काचेचं.

ढाली काढून त्यात फॅमिलीसाठी अयोग्य असलेली पुस्तकं ठेवली. लताताईंनी ती शाळेच्या प्रदर्शनासारखी नीट मांडली, नावं वाचता येतील अशी. कपाटाच्या वरचा दिवाही सवयीनं लागत राहिला.

पुढच्या रविवारी सत्यनारायण होता. दरवर्षी लोक तीर्थप्रसाद घेऊन निघतात. त्या वर्षी कोणी निघेना. काचेपुढे रांग. बायका मुलांना नावं वाचून दाखवत होत्या. एक आजोबा कागदावर उतरवून घेत होते.

साहेबांना कळलं. त्यांनी काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवायला सांगितलं. लताताईंनी चिकटवलं. त्या दिवसापासून लोक कपाटापुढे उभे राहून वर्तमानपत्र वाचू लागले आणि थोड्या वेळानं फटीतून आत पाहू लागले.

*

किल्ली साहेबांनी माझ्याकडे दिली. "तुमच्याजवळ राहू द्या. व्रत करणाऱ्या बाईच्या हातून चूक होत नाही," म्हणाले. मला बरं वाटलं. मी ती देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवली.

तेव्हा माझे सोळा सोमवार चालू होते. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे या व्रतात सोमवारी दाराशी येऊन कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एरवी लोक विरजण मागतात, नाहीतर शिडी. त्या सोमवारी शेजारच्या वहिनी आल्या. "काकू, किल्ली देता?"

दिली.

पुढच्या सोमवारी आमचे हे बाजारातून आले तर दारात चपलाच चपला. ते बिचारे बाहेरच थांबले आणि हळूच एकाला विचारते झाले, "घरात कोणाचं काही झालं का?"

साहेब मला भेटायला आले. "वहिनी, किल्ली कोणाला द्यायची नाही असं ठरलं होतं."

"हो साहेब. पण सोमवारी मागितलं तर नाही म्हणता येत नाही."

"मग व्रत थोडे दिवस थांबवा."

"मध्ये थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. म्हणजे सोमवार आणखी वाढतील."

साहेबांनी बशी पुढे ओढली. फराळाची खिचडी खाल्ली. उठताना म्हणाले, "असं करा, किल्ली मलाच देऊन टाका."

सोमवारच होता. मागितली, दिली.

साहेबांनी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नवीन राज्यात ऑफिसं फार हलत. साहेबांचं ऑफिस हललं, टेबल दुसऱ्या खात्याला गेलं, त्यासोबत ड्रॉवरही. गणपतीच्या स्पर्धांसाठी ढाली लागल्या तेव्हा सुतार बोलावून कुलूप तोडावं लागलं. पुस्तकं आपापल्या जागी परत गेली. कोणी विषय काढला नाही. मी देवाला म्हटलं, मार्ग काढलास.

*

आता मालूताई. त्या माझ्या व्रतांमधल्या मैत्रीण. चातुर्मासात दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये पोथी वाचतात त्या. आवाज खणखणीत. त्यांची सून अर्चना रायपुरातच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत. मालूताईंनी स्वतः तिला वाचनालयात आणून सोडलं होतं.

"लताताई, हिले मराठी वाचता आलं पाहिजे. माझ्या मागं पोथी कोण वाचणार?"

अर्चना घराबाहेर पडे ती दोनच ठिकाणी, देवळात आणि आमच्याकडे. तिनं सशा-सिंहाच्या गोष्टींपासून सुरुवात केली. महिन्याभरानं म्हणाली, "दीदी, अब थोड़ा मोटा वाला दीजिए." लताताई देत गेल्या. पुस्तकं जाड होत गेली.

आणि एका संध्याकाळी मालूताई तणतणत आल्या.

"तुम्ही हिले काय वाचायले देऊन राहिल्या?"

"काहून, काय झालं?" लताताईंनी विचारलं.

"आजपर्यंत ही मले उलट उत्तर द्यायची तर हिंदीत द्यायची. तेवढं चालत होतं, मी कुठं लक्ष देत होती. आता मराठीत देऊन राहिली. तेही कारणं सांगून!"

या सगळ्याचं कारण एका कादंबरीत होतं. तिच्यातली सून पळून जात नाही, जीव देत नाही, काही नाही. फक्त एकदा सगळ्या घरासमोर सासूशी बोलते. दोन पानं.

"दोन पानं," मालूताई म्हणाल्या. "मधात सासूले एक शब्द बोलू देत नाही."

त्यांनी ती दोन पानं भाताच्या पेजेनं एकमेकांना चिकटवून टाकली होती आणि पुस्तक परत आणलं होतं. लताताईंनी ते चहाच्या पातेल्यावर धरलं. वाफेनं पानं सुटली. पण तेव्हापासून त्या पुस्तकाला सवय लागली. कुठूनही उघडा, तेच पान उघडतं.

*

मालूताईंनी मग कमिटीपुढेच सांगितलं, "ते पुस्तक इथं असेल तर माझी सून इथं पाय ठेवणार नाही."

साहेब म्हणाले, "एका पुस्तकापायी मेंबर काहून गमवायचा? रद्दीत देऊन टाका."

"आज हे देऊ," लताताई म्हणाल्या. "उद्या कोणाला भूगोलाचा राग आला तर?"

अर्चना दाराशी पिशवी घेऊन उभी होती. ती हिंदीत काही बोलली नाही आणि मराठीतही बोलली नाही. पिशवीचे बंद मात्र बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला ते बघवेना.

मला वाद घालता येत नाही. मी मालूताईंना इतकंच विचारलं, "तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलं का?"

"ती दोन पानं वाचली. पुरे आहेत."

"पोथीच्या मधल्या दोन ओव्या वाचून आपण कधी उठलो का?"

"हे काय पोथी आहे?"

"नाही. पण सुरू केलं की संपवायचं, मधलं अक्षर गाळायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. चातुर्मास लागतोच आहे. यंदा दुपारी हे वाचू. संपल्यावर तुम्ही म्हणाल तसं."

मालूताई माझ्याकडे बघत राहिल्या. व्रताच्या मैत्रिणीनं असं करावं हे त्यांना अपेक्षित नव्हतं. मग म्हणाल्या, "वाचणार कोण?"

"मी वाचते," लताताई म्हणाल्या.

"तुम्ही नको. तुम्ही हजेरी घेतल्यासारखं वाचता."

*

वाचन म्हटलं की सगळं रीतसर. समई, चौरंग, वाचणाऱ्यानं हातपाय धुऊन बसायचं. यजमान लागतो, म्हणून वानखेडे साहेबांना पाटावर बसवलं. यजमानाला मध्येच उठता येत नाही, हे त्यांना बसल्यावर सांगितलं.

मालूताईंना वाचायची एकच चाल येते, पोथीची. त्यामुळे नायकाची एस.टी. चुकते तेही ओवीच्या चालीत. तसं ऐकलं की फार मोठं काही घडल्यासारखं वाटतं. गोष्टीत दारात पोलीस आले तेव्हा दोन बायकांनी हात जोडले. रोजचं प्रकरण वाचून झालं की नमस्कार, मग प्रसादाला ठेठरी, म्हणजे इकडची बेसनाची तळलेली कडबोळी. ज्यांचे उपवास, त्यांना केळं.

पहिले काही दिवस साहेब फाईल घेऊन बसत. पुढे फाईल दिसेना. मग एका सोमवारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, उद्या सचिवालयात मीटिंग आहे. उद्याचं वाचन परवा ठेवता येईल का?"

"यजमान नसले तरी चालेल साहेब. तुमची टोपी ठेवू पाटावर."

"टोपीला ऐकू येत नाही ना," साहेब म्हणाले.

*

ते पुस्तक आजही उघड्या कपाटात आहे आणि अर्चना अजून येते. मंडळाच्या कागदोपत्री 'चर्चेअंती निर्णय' असं लिहिलेलं आहे. चर्चा वगैरे झाली नव्हती. झालं ते असं.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. ती दोन पानं आज येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंडरी भागातून, जिथून कधी कोणी येत नाही, तिथूनही बायका आल्या होत्या. मालूताईंनी वाचायला घेतलं. घरात पाहुणे जमले, जेवणाची पानं मांडली, सासू सुनेला सगळ्यांदेखत काही बोलली. सून वाढता वाढता थांबली. मालूताईही थांबल्या.

त्या पाणी प्यायल्या. चष्मा पुसला. पुन्हा पाणी प्यायल्या. समोरच्या रांगेत अर्चना मान खाली घालून बसली होती. मी समईत तेल घालायचं निमित्त करून उठले आणि देवाला म्हटलं, आता तूच बघ.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "मालूताई, पाहिजे तर ही दोन पानं सोडून पुढं..."

"वाचनात सोडत नसतात," मालूताई म्हणाल्या. मग त्यांनी पुस्तक पुढे केलं. "अर्चना, तू वाच."

अर्चना उठली. हात धुऊन आली. मालूताई चौरंगापासून सरकल्या, ती त्यांच्या जागेवर बसली आणि वाचू लागली. अगदी हळू. एक वाक्य झालं, दुसरं झालं. मालूताई डोळे मिटून, मांडीवर हात जोडून ऐकत होत्या. तिसऱ्या वाक्याला त्यांनी डोळे उघडले.

"अर्चना."

"जी, आई."

"तिनं असं पुटपुटून म्हटलं का?"

अर्चनानं पुस्तकात पाहिलं. "नाही. मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांसमोर."

"मग मोठ्यानं वाच," मालूताई म्हणाल्या. "मागच्या बायांले काही ऐकू येऊन नाही राहिलं."