कमलला पाजलेला रस

मी माझ्या बायकोला फसवलं आणि बदनाम डॉक्टरला केलं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही — भावाला नाही, मुलीला नाही, आणि जिला फसवलं तिला तर नाहीच.

तुम्ही बुऱ्हाणपूरचे असाल तर मला ओळखत असाल. केळीचे घड ट्रकात चढवणारा हमाल होतो. आज मंडीत माझी बोली काय लागते याकडे लोक बघतात. धंद्यात मी एकच शिकलो — पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही. पाठ फिरवायची, चालू लागायचं. समोरच्याला गरज असली की तो मागून हाक मारतो. या एका सवयीवर मी घर बांधलं. राग कायम नाकावर. तोही धंद्यात उपयोगी पडला.

कमलच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आम्ही पित्त समजलो. लग्नाकार्यात तळलेलं खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, मागे खांद्यापर्यंत जायची, उलटी व्हायची. गावातल्या शनवारा चौकाजवळच्या एका डॉक्टरनं सोनोग्राफी करवली. रिपोर्ट घेऊन आत मी एकटाच गेलो, कमल बाहेर बाकावर. त्यानं नीट समजावलं — मला आजही सगळं आठवतं, म्हणून तर ‘कळलंच नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही. पित्त यकृतात बनतं आणि खालच्या एका छोट्या पिशवीत साठतं. तिथे खडे झालेत, बारीक. मुतखडा लघवीतून पडतो. हे तसे पडत नाहीत, कुठला रस-काढा तिथवर पोचत नाही. एखादा घसरून नळीत अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंड सुजेल, जिवावर बेतेल. दुर्बिणीनं पिशवीच काढून टाकायची. माणूस तिच्यावाचून चांगला जगतो.

मी सवयीनं सुरू झालो. पिशवी ठेवून नुसते खडे काढा. गोळ्यांवर भागवा. केळीची कटाई होऊन जाऊ द्या. तो थकलेला असावा. म्हणाला, “सेठ, ये केले की बोली नहीं है. जो है, वो बता दिया.” दारातली नर्स हसली.

बस, एवढंच. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं आणि मी उठलो. खरं सांगू? दारापर्यंत जाताना माझे कान मागेच होते — आता हाक येईल म्हणून. आली नाही.

बाहेर कमलनं विचारलं, “काय म्हणले ओ?”

“खडे आहेत. विरघळतील. घाई नाही म्हणाला.”

हे मी बोललो. ती उठली, पदर नीट केला आणि माझ्यामागून चालू लागली. तिनं शंका का घ्यावी?

मला कधीकाळी मुतखडा झाला होता. केळीच्या खोडाचा रस प्यालो आणि तो पडला. घड उतरला की खोड कापूनच टाकतात, म्हणून आमच्याकडे हे औषध घरोघरी. तोच रस मी कमलला सुरू केला. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं असताना — का? पैशांची अडचण नव्हती. तो माणूस खोटा ठरावा, एवढंच मला हवं होतं. दुसरं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

“केळं गोड अन् खोड असं तुरट,” ती तोंड वाकडं करून म्हणायची, “तुमच्यावरच गेलंय.” आणि पेला रिकामा करायची. कळ यायची, आपोआप ओसरायची. ओसरली की मी म्हणायचो — बघ, लागू पडला.

मग एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. थंडी वाजून ताप, बसवेना, झोपवेना. इंदूरला नेलं. खडा नळीत अडकला होता आणि स्वादुपिंडाचा बराच भाग निकामी झाला होता. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी केली, सूज उतरल्यावर पुढे पिशवी काढली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणी सांगितलं नव्हतं? मी कमलच्या देखत म्हणालो, आमच्याकडच्या डॉक्टरनं घाई नाही म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर हेच मंडीत, हेच चौकात. लोक त्याच्याकडे जायचे कमी झाले. तो मला एका शब्दानंही विचारायला आला नाही.

कमल वाचली. आता रोज इन्सुलिन टोचून घेते. माझ्यासाठी मावा जलेबी आणते आणि बोटसुद्धा चाटत नाही.

इच्छापुरला देवीचा नवस फेडायला गेलो, तेव्हा पायऱ्यांवर बसून ती बायकांना सांगत होती, “डॉक्टरनं तर वाऱ्यावर सोडलं होतं. यांनी रस पाजला म्हणून मी तग धरला.” मी नारळ घेऊन शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. उघडता आलं नसतं का?

तेव्हाही मी लिहायला बसलो नाही. आज बसलोय तो लतामुळे. लता कमलची धाकटी बहीण, सिंधीपुऱ्यात राहते. तिच्याही पित्ताशयात खडे निघालेत. ऑपरेशन सांगितलंय, पण ती करत नाही. सकाळी आमच्याकडे येते; कमल स्वतःच्या हातानं खोड ठेचते, गाळते, तिला देते. काल ती पेला ठेवत म्हणाली, “दाजी, दुखणं बसलं बरं. ताईला वाचवलं, आता मला वाचवा.” कमल माझ्याकडे बघून हसली. अभिमानानं.

हे मी आज दोघींना वाचून दाखवणार आहे, रस गाळायच्या आधी. माफी मागणार नाही. माफी मागितली की ती द्यायचं ओझंही कमलवरच पडेल.

कमल, तुझ्या शरीराची जी नासाडी झाली तिचा जाब कुणालातरी द्यावाच लागेल. मला विचार. लता ऐकत असताना विचार. आणि मी रागावून उठून जाऊ लागलो, तर दार अडव आणि पुन्हा विचार.