नाव घेणारी बेबाबाई

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो, आणि पन्नास पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. शिरपूरच्या ज्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो, तिथे सगळे या स्वभावाची थट्टा करत. शेठ मात्र करत नसत. उन्हाळ्यात कापूस संपला, कामगार आपापल्या गावी गेले, की ते सगळ्या किल्ल्या माझ्या हाती देऊन धुळ्याला निघून जात.

चोपन्न सालच्या मे महिन्यात जाता जाता ते म्हणाले, "रुपचंद, तो जीवराम पाणबुड्या उद्यापासून दुपारी हौदावर येईल. येऊ द्या त्याला."

हौद आगीसाठी बांधलेला. कापूस कधी पेट घेईल याचा नेम नसतो. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, बारा फूट खोल. एका बाजूला पायऱ्या, आणि पाणी इतकं नितळ की वरून तळाच्या फरश्या मोजाव्यात. तिथे मी कुणाला पाय बुडवू दिला नव्हता.

जीवरामला सगळा तालुका ओळखत होता. विहिरीत हंडा पडला की त्याला बोलावणं जाई. आता ऊस-केळीवाल्यांनी विहिरींवर इंजिनं बसवली होती. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी फुटव्हॉल असतो, तो गाळाने तुंबला की इंजिन पाणी ओढत नाही. तो साफ करायला खाली जाणारा माणूस हाच. नळी नाही, यंत्र नाही, छातीत मावेल तेवढी हवा. असल्या माणसाला आमच्या बारा फुटी हौदात काय शिकायचं होतं? पहिला संशय मला तिथेच आला.

दुसरा संशय आला त्याच्या बायकोला पाहून. बेबाबाई पस्तिशीची, काटक, अंगाने सुपारीएवढी. कमी बोलणारी बाई मला मुळात आवडत नाही, आणि ही तर बोलतच नव्हती. आल्या आल्या तिने काष्टा घट्ट खोवला, पायरीवर बसली आणि तोंड पाण्यात घातलं. एक हात वर ठेवून बोटांवर काहीतरी मोजत होती. चार-पाच बोटं झाली की तोंड वर काढून खोकायची. जीवराम बाजूला बसून म्हणायचा, "धापा टाकू नको. तीन श्वास ले, सावकाश. मंग बूड." आठ दिवसांत ती तळाशी जाऊन बसू लागली. भर दुपारी बंद जिनिंगमध्ये एक संसारी बाई पाण्याच्या तळाशी मांडी घालून बसते, हे बघून कुणालाही संशय येईल. मी कचेरीच्या खिडकीची एक फळी किलकिली ठेवून रोज बघत होतो.

मग पाळी उलटली. जीवराम कमरेला दोर बांधून खाली जाई, बेबाबाई काठावर दोर धरून बसे. मध्येच ती एक हिसका देई, खालून एक हिसका परत येई. तो वर आला, पायरीला हात लावून श्वास घेऊ लागला, तरी ही नजर काढत नसे. ओठ हलत. तीस आकडे पुरे झाले की मगच ती पापणी लववायची. माझ्या मनात आलं, ही नवऱ्यावर पाळत ठेवते आहे. म्हणजे खाली काहीतरी आहे.

तेवढ्यात तिसरी गोष्ट झाली. आगीच्या बंबाची पितळी तोटी जागेवर नव्हती. कापडी नळीची वळकटी जागेवर, पण तिच्या तोंडाची तोटी गायब. सगळ्या आवाराच्या किल्ल्या फक्त माझ्याकडे, आणि येणारे-जाणारे हे दोघेच. हौदाच्या एका कोपऱ्यात गाळ बसायला दोन हात खोल खड्डा केलेला होता. तेवढाच काय तो भाग वरून दिसत नसे. मी मनाशी सगळं जुळवून टाकलं.

त्याच दुपारी खिडकीतून त्यांचं भांडण ऐकलं. जीवराम दबक्या आवाजात म्हणत होता, "नाव ले. तू नाव नही लिधं, ते मी मरना समज."

"मी नाव लेवाव नही," ती म्हणाली. "दुसरं काहीबी सांगा."

"दुसरं चालावाव नही. नावच पाहिजे."

आता सांगा, यातून कुणी काय अर्थ काढला असता? चोरी झालेली, आणि दोघे नाव घ्यायचं की नाही यावर भांडतात. नाव घ्यायचं म्हणजे आळ घालायचा. कुणाचं नाव घेणार? आवारात तिसरा माणूस मीच होतो. माझं डोकं फिरलं. धोतर सावरत मी हौदावर गेलो.

"तोटी कुठे आहे?" मी विचारलं.

"कसानी तोटी?" जीवराम म्हणाला.

"बंबाची. त्या खड्ड्यात आहे ना? काढून दे, म्हणजे शेठना कळवायला नको."

जीवरामचा चेहरा उतरला. वीस वर्षं तो लोकांच्या विहिरींतून हंडे, बांगड्या, एकदा तर पुतळ्यांची माळ काढून देत आला होता. त्याला चोर म्हणणारा पहिला मी. तो खाली गेला, कोपऱ्यातला गाळ ढवळला आणि रिकामे हात घेऊन वर आला.

"नीट बघितलं नाहीस," मी म्हणालो.

तो पुन्हा गेला. पाणी गढूळ झालं. पुन्हा रिकामे हात.

"त्यास्ले दम तर खाऊ द्या, भाऊ," बेबाबाई म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, ही आता घाबरली.

"खड्ड्याच्या बुडाशी हात घाल," मी म्हणालो. "की नाही घालायचा?"

जीवरामने भराभर आठ-दहा धापा टाकल्या. बायकोला रोज नको नको म्हणत होता, तेच केलं आणि तिसऱ्यांदा बुडाला. यावेळी फार वेळ लागला. बेबाबाईने हिसका दिला, खालून उलट हिसका आला. मग तो वर आला. काळा चिखल कोपरापर्यंत, हात रिकामेच. आमच्याकडे बघून हसला.

ते हसू मला लबाड वाटलं. मी ओरडलो, "बेबाबाई, इकडे बघ. कुणाचं नाव घेणार होतात तुम्ही?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे वळेपर्यंत ते हसू पाण्याखाली गेलं होतं.

तो बुडी मारून गेला नव्हता, नुसता ढळला होता. तिने दोर ओढला. एवढीशी बाई, पण पायरीला पाय रोवून तिने त्याला काठाशी आणलं आणि मला म्हणाली, "डोकं धरा." मी धोतरासकट पाण्यात उतरून त्याचं डोकं वर धरलं. डोळे अर्धे उघडे, ओठ जांभळे, छाती हलत नव्हती. तिने गालावर चापट्या मारल्या, डोळ्यांवर फुंकर घातली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, आयका ना."

काही नाही.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. परक्या पुरुषासमोर आपल्याला काय करावं लागणार आहे, याची लाज त्या नजरेत होती, आणि ते माझ्यामुळे करावं लागतंय हेही होतं. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"जीवराम."

मी त्याचं डोकं आणखी वर उचलून धरलं.

"जीवराम, श्वास ले. जीवराम."

तिसऱ्या हाकेला त्याच्या छातीत उचकीसारखं काहीतरी झालं. त्याने हवा ओढली, खोकला, डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. तिच्यावर नजर स्थिरावल्यावर हळूच म्हणाला, "बेबा." तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला आणि रडली. मी मात्र डोकं सोडलं नाही. सोडायची हिंमत नव्हती.

पायरीवर बसून जीवरामने मला सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ तोतारामही हेच काम करायचा. एका विहिरीतून घागर घेऊन वर आला, हसला, "सापडनी" म्हणाला. वरच्या लोकांनी विड्या पेटवल्या. विड्या पेटवून पुन्हा बघतात तो तोताराम नाही. माणूस खाली मरत नाही, वर आल्यावर मरतो, हे जीवराम त्या दिवशी शिकला. म्हणून त्याने बायकोला आधी दिसणाऱ्या पाण्यात तयार करायचं ठरवलं. खालचा दम कसा असतो हे तिला स्वतःला कळावं, म्हणून तळाशी बसवलं. वर आलेला माणूस हसला तरी खरं मानायचं नाही. तीस आकडे संशय धरायचा. आणि नाव घ्यायचं, कारण शुद्ध हरपताना माणसाला दुसरं काही ऐकू आलं नाही तरी स्वतःचं नाव येतं. त्याने उलट तिचं नाव सांगायचं. बरोबर सांगितलं तर ठीक, चुकलं तर दोर ओढायचा. बाकी सगळं ती शिकली, नाव तेवढं घेत नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे बायका मानतात.

तोटी दिवाळीला सापडली. माझ्याच पेटीत, जुन्या कागदांखाली, गोणपाटात गुंडाळलेली. शिमग्यात कुणी उचलून नेईल या भीतीने मीच ती तिथे ठेवली होती आणि विसरलो होतो. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. जीवराम कुठल्याशा मळ्यात गेला होता. मी बेबाबाईला सांगून टाकलं.

ती शेंगा फोडत होती.

"मी मान वळावी ती तुम्हना आवाजले," ती म्हणाली. "आते मी पाण्यावर बठेल असनू, ते माले हाक मारू नका."

मी उठताना विचारलं, "आता नाव घेतेस?"

"लेस," ती म्हणाली. "देवले सांगी ठेवेल शे. नाव मी लेस, ते आयुष्य मनं कमी कर. त्यास्नं नको."

पुढची सहा वर्षं मी तिला कितीतरी विहिरींवर पाहिलं. इंजिन बंद, मळेकरी सावलीत, आणि ही दोर धरून कठड्यावर. जमलेल्या बायका पदराआड कुजबुजत की ही निलाजरी चारचौघांत नवऱ्याला नावाने हाकारते, त्याला खाऊन बसेल. तिने कधी मान वळवून पाहिलं नाही. माझ्यापेक्षा मोठा संशयी माणूस मी तेवढाच पाहिला. मी लांबून जात असे, पण विहिरीतून "बेबा" ऐकू आल्याशिवाय पुढे जात नसे.

साठ सालच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. अंथरुणावर आठ दिवससुद्धा नव्हती. 'आयुष्य माझं कमी कर', असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. तरी सहा वर्षांत तिने किती वेळा नाव घेतलं असेल, याचा हिशोब मनात सुरू झाला, आणि मी तो जबरदस्तीने थांबवला.

दसऱ्यानंतर जीवराम दोर खांद्यावर टाकून माझ्याकडे आला. एका केळीवाल्याचा फुटव्हॉल तुंबला होता.

"रुपचंदभाऊ, तुम्ही बठा वर," तो म्हणाला. "तुम्हना सारखी संशयी नजर मी दुसरी दखी नही."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. वर आल्यावर त्याने माझं नाव सांगायचं, असं ठरलं. तो सावकाश तीन श्वास घेऊन गेला. मी हिसका दिला, हिसका आला. मग त्याचं डोकं वर आलं. आता पिकलेलं डोकं. त्याने कपारीला हात लावला, श्वास घेतला आणि हसला. मी त्या हसण्यावर विश्वास ठेवला नाही. मोजायला लागलो.

"जीवराम," मी हाक मारली.

त्याने वर, कठड्याकडे पाहिलं.

"बेबा," तो म्हणाला.

नाव चुकलं होतं. मी दोर ओढला. मळेकऱ्यांनी हात लावला आणि आम्ही त्याला वर घेतलं. इंजिनाच्या ओट्यावर तो ओल्या अंगाने बसला. डोळे लाल, पण नजर साफ.

"मी शुद्धीवर व्हतू, भाऊ," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणालो. ओढण्यात मोजणं तुटलं होतं, तीस आकडे अजून व्हायचे होते. दोर तसाच धरून मी मोजत राहिलो.